घराचा लिलाव झाल्यावर: आधी बँकेचा हिशेब, मग भाड्याचं घर

घर लिलावात गेलं की नातेवाईक दोनच गोष्टी सुचवतात: गावी जा, नाहीतर कुठून तरी दुसरं कर्ज उभं करा. आमचा चिखलीतला वन बीएचके गेला तेव्हा ह्यांचं भोसरीतलं वर्कशॉप आधीच बंद पडलेलं. तरी दोन्हीतलं काहीच केलं नाही.

आधी बँकेत जा. लिलाव झाला म्हणजे कर्ज मिटलं असं नसतं. २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार (कर्ज थकलं की बँक तारण घर विकते तो कायदा) विक्रीच्या रकमेतून थकबाकी, व्याज, खर्च वळता करून काही उरलं तर ते तुमचं. कमी पडलं तर बाकीसाठी बँक मागे लागू शकते. म्हणून लेखी अर्ज द्या: फ्लॅट कितीला गेला, कुठला खर्च किती लावला, शिल्लक काय. आपल्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. ‘बघतो मॅडम’ एवढ्यावर खुर्ची सोडायची नाही. कारवाईतच गडबड वाटत असेल, तर डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात जायची मुदत ४५ दिवसांची आहे, वकील लगेच गाठा.

आता भाड्याचं घर. हातात चार पैसे उरले असतील तर एजंट हमखास ‘हेवी डिपॉझिट’ सुचवेल: एकरकमी पाच-सात लाख द्या, भाडं नाही. माझं ऐकाल तर नको. मालकाचेच हप्ते थकलेले निघाले तर बँक त्याच्याही घराचा ताबा घेईल, आणि तुमची रक्कम मालकाकडून वसूल करत बसावं लागेल. घर बघायला जाल तेव्हा दारावर, जिन्यात ताब्याची नोटीस चिकटवलेली आहे का बघा. सोसायटीच्या सेक्रेटरीला सरळ विचारा, ह्या फ्लॅटवर कर्ज आहे का, मेंटेनन्स थकलाय का. इंडेक्स टूवर (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) मालकाचं नाव जुळवा. लाज कसली? आपण एकदा पोळलोय.

करार नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्रात ती जबाबदारी मालकाची आहे, आणि करार नोंदलेला नसला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. ते खोटं ठरवायचं काम मालकाचं. हे सांगितलं की कुरकुरणारे मालकही ऑनलाइन नोंदणीला तयार होतात.

सिबिलची, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवरून मिळणाऱ्या स्कोअरची चिंता घरभाड्यासाठी फार करू नका, मालक पगाराची स्लिप बघतात. पुढच्या कर्जासाठी मात्र ती करावीच लागते. बाकीची रक्कम तडजोडीने मिटवलीत तर रिपोर्टात ‘सेटल्ड’ शेरा राहतो. पूर्ण फेडणं झेपत असेल तर तेच बरं. तडजोडच करायची तर पैसे भरण्याआधी बँकेचं पत्र हातात घ्या. मग छोटी एफडी ठेवून तिच्यावर क्रेडिट कार्ड काढा, किराण्यापुरतं वापरा, बिल पूर्ण भरा. भिशीचे हप्ते कितीही नियमित भरलेत तरी सिबिलला ते दिसत नाहीत.

दरवर्षी एक रिपोर्ट फुकट मिळतो. त्यात जुनं खातं चुकीचं दिसलं तर लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते.