भाडं नाकारताना चालक-मालक हमखास करतात त्या चुका

स्वतःची एकच मालवाहू गाडी, डोक्यावर कर्जाचा हप्ता आणि स्टिअरिंगवरही स्वतःच. अशा चालक-मालकाला ‘हे भाडं मी घेणार नाही’ म्हणायचा पूर्ण हक्क आहे. गाडी घेण्यामागचं निम्मं कारण तेच असतं. तरीही नाही म्हटल्यामुळे पैसे अडकतात, दलाल तुटतो, ट्रान्सपोर्टवाला पुढच्या महिन्यात फोन उचलत नाही. यातल्या बहुतेक वेळा नकार बरोबरच असतो. चुकलेली असते ती वेळ, आणि लेखी म्हणून हातात काहीच नसतं.

भरती झाल्यावर बोलायला लागणं

ही सगळ्यात महागडी चूक. फोनवर ‘नऊ टन माल आहे’ असं सांगितलेलं असतं. गाडी फळीला (माल भरायच्या धक्क्याला) लागते, हमाल भरत राहतात, गाडीचे पाटे (स्प्रिंग) चेपायला लागले की चालकाच्या पोटात गोळा येतो. तोवर ताडपत्री बांधायची वेळ झालेली असते आणि मुनशी (भरतीचा कारकून) म्हणतो, ‘अहो, सगळेच नेतात.’

सगळे नेत असतील, पण दंड सगळ्यांत वाटून घेतला जात नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे ओव्हरलोडला २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंड आहे. तीन टन जादा म्हणजे २६ हजार. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत, आणि उतरवायचा खर्चही तुमच्याच अंगावर. वजनकाट्यावर न थांबता गाडी पुढे दामटली, किंवा वजन होण्याआधी वाटेत माल उतरवून टाकला, तर ४० हजार. कायदा ‘चालवणारा’ आणि ‘चालवायला लावणारा’ दोघांनाही धरतो हे खरं. पण नाक्यावर उभा असतो तो एकटा चालक. चालक-मालकाच्या बाबतीत तर चालकही तोच आणि मालकही तोच, दुसऱ्याकडे बोट दाखवायला कुणी उरत नाही.

बोलायचं ते गाडी लावण्याआधी. आरसीवरच्या (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरच्या) एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की किती माल बसतो ते निघतं. तो आकडा मुनशीला तोंडी सांगा आणि त्याच वेळी व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका. २०१८ मध्ये धुरावजनाच्या (एका अ‍ॅक्सलवर येणाऱ्या वजनाच्या) मर्यादा वाढल्या, त्याचा हवाला देऊन ‘आता चालतं’ म्हणणारे अजून भेटतात. तुमच्या आरसीवर नोंद असलेला आकडाच चालतो, बाकी सगळ्या गप्पा.

रिकामी गाडी आधी काट्यावर घ्या, भरल्यावर परत घ्या आणि दोन्ही पावत्या जपून ठेवा. काटा भरतीच्या जागेपासून जितका जवळ तितकं बरं. जादा वजन निघालं तर गाडी परत फळीला नेता येते. टोल ओलांडून पन्नास किलोमीटर गेल्यावर कळलं तर कुणी परत घेत नाही. न्हावा शेवा बंदराच्या कंटेनरची गोष्ट वेगळी. डब्याला सील असतं, आत काय आणि किती ते दिसत नाही. निर्यातीच्या डब्याचं तपासलेलं वजन जाहीर करणं १ जुलै २०१६ पासून माल पाठवणाऱ्यावर बंधनकारक आहे, तेव्हा ते कागदावर मागा. आयातीच्या डब्याचं वजन कागदावर बघा आणि कळंबोली किंवा जवळच्या काट्यावर खात्री करून मगच घाटाला लागा.

फोनवर नाही म्हणून सोडून देणं

‘शेठ, नाही जमणार’ एवढं बोलून फोन ठेवला की दोन दिवसांनी वेगळीच गोष्ट तयार होते: गाडी कबूल केली होती, आली नाही, कंपनीने दंड लावला, तो तुमच्या जुन्या बाकीतून कापला. तुमच्याकडे उत्तर द्यायला काही नसतं.

नकाराचा मजकूर दोन ओळींचा पुरतो. उदाहरणार्थ: ‘शेठ, आज सकाळी ११ वाजता चाकण गेटवर पोचलो. ठरलं होतं ९ टन, स्लिपवर १२ टन आहे. आरसीप्रमाणे एवढं बसत नाही. ९ टन भरणार असाल तर लगेच लावतो, नाहीतर दुसरी गाडी बघा.’ सोबत स्लिपचा फोटो. यात वेळ आहे, जागा आहे, कारण आहे, आणि मुख्य म्हणजे ‘लगेच लावतो’ आहे. भाडं तुम्ही मोडलेलं नाही, ठरलेलं भाडं न्यायला तुम्ही तयार आहात. पुढे हिशेबाला बसल्यावर या एका वाक्याने फार फरक पडतो.

शिव्या, टोमणे, ‘तुम्ही लोक असेच’ वगैरे त्या मेसेजमध्ये नको. तो मेसेज उद्या तिसराच माणूस वाचणार आहे असं समजून लिहा.

कायदा, करार आणि रिवाज यांची खिचडी

गेटवर वाद घालणारे बरेच जण इथे घसरतात. सेफ्टी शूज, हेल्मेट, चाकाखाली लावायचा गुटका, हेल्परला आत बंदी, अमुक वर्षांपेक्षा जुनी गाडी नको, मोबाइलच्या लोकेशनला संमती द्या: हे कंपनीचे नियम आहेत. त्यांच्या आवारात त्यांचं चालणार. यावर भांडून भाडं सोडणं म्हणजे डिझेल जाळून रिकामं परत येणं. भाडं घेतानाच विचारून घ्या, शूज केबिनमध्ये ठेवा, विषय संपला.

करारातली कलमं मात्र नीट वाचायची. गाडी महिनावारी अटॅच करताना ‘प्रत्येक नकारामागे इतका दंड’, ‘दुसऱ्या कुणाचं भाडं मारायचं नाही’, ‘डिपॉझिट जप्त’ अशा ओळी असतात. दुसऱ्याचं भाडं मारायचं नाही म्हणतात, तर महिन्याला किमान किती किलोमीटर किंवा किती रुपये देणार हेही तिथेच लिहून घ्या. एकतर्फी बांधून घेण्यात काही शहाणपण नाही. दंडाच्या कलमाला लोक उगाच घाबरतात. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते, प्रत्यक्षात मिळते ती वाजवी भरपाई. आणि बेकायदा कामासाठी केलेला करारच मुळात टिकत नाही. त्यामुळे ओव्हरलोड नेला नाही म्हणून दंड कापला असेल, तर त्याविरुद्ध लेखी हरकत घेण्यात तुमची बाजू भक्कम आहे. कोऱ्या कागदावर सही आणि कोरा चेक मात्र कधीच देऊ नका.

तिसरी गोष्ट रिवाजाची. दलाली, मुनशीची चिरीमिरी, उतरवताना मागितली जाणारी वारई. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही वाहतूकदारांची जुनी घोषणा आहे आणि ती रास्तच आहे. पण उतरवायच्या ठिकाणी रात्री एकटं उभं राहून ती म्हणण्यापेक्षा भाडं ठरवतानाच ‘हमाली, वारई माझ्याकडे नाही’ हे बिल्टीवर (मालाच्या वाहतूक पावतीवर) लिहून घेतलेलं बरं.

कागद न वाचता निघणं

माल ठीक असतो, वजन ठीक असतं, कागद गोत्यात आणतात. ५० हजार रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल (माल नेण्यासाठी जीएसटी पोर्टलवर काढायचा कागद) लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख आहे. १ जानेवारी २०२१ पासून सर्वसाधारण मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मुदत मिळते. पुणे ते बंगळुरू सुमारे ८४० किलोमीटर धरले तर पाच दिवस.

पाच दिवस पुष्कळ वाटतात, पण घड्याळ कधी सुरू होतं ते बघा. बिलाच्या पार्ट बी मध्ये गाडीचा नंबर पडला की मुदत सुरू. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसमधला पोरगा सोमवारी सकाळीच नंबर टाकून मोकळा होतो, गाडी मात्र बुधवारपर्यंत गेटबाहेर रांगेत. पुढे रविवारची सुट्टी आली की मुदत रस्त्यातच संपते. मुदत संपण्याआधी ८ तास आणि संपल्यानंतर ८ तास एवढ्यातच ती वाढवता येते, आणि ते काम ट्रान्सपोर्टरचं. कर्नाटकात शिरल्यावर त्याला रात्री फोन करत बसण्यापेक्षा भरती पूर्ण झाल्याशिवाय नंबर टाकू नका असं आधीच बजावा. जीएसटी अधिकाऱ्याने अडवलं तर दंड मालावरच्या कराच्या दुप्पट आहे. तो भरणं मालवाल्याचं काम, पण तोवर गाडीही मालासोबत अडकून पडते.

हीच गोष्ट उलट बाजूनेही लागू होते, आणि ती फारशी कुणी बघत नाही. तुम्ही भाडं नाकारलं, पण बिलात तुमचाच नंबर राहिला. माल दुसऱ्या गाडीत गेला. आता ती गाडी चुकीच्या नंबरवर फिरतेय, आणि कागदोपत्री माल तुमच्याकडे आहे. नकार देताना ‘ई-वे बिलातला माझा नंबर बदला आणि बदललेल्या बिलाचा फोटो पाठवा’ हे सांगायला विसरू नका.

बिल्टी कुणाच्या नावाची आहे तेही बघा. २००७ च्या रस्ते माल वाहतूक कायद्याप्रमाणे बुकिंग घेणारी ट्रान्सपोर्ट कंपनी नोंदणीकृत असायला हवी, आणि मालाबद्दल दिलेली माहिती खोटी निघाली तर जबाबदारी माल पाठवणाऱ्याची असते. बिल्टीवर नुसतं ‘किरकोळ माल’ लिहिलं असेल आणि ड्रमांना उग्र वास मारत असेल, तर गाडी लावू नका. धोकादायक मालासाठी लायसन्सवर वेगळी नोंद लागते, गाडीवर फलक लागतो, आणीबाणीचं माहितीपत्रक लागतं. यातलं काही नसेल तर नकाराला दुसरं कारण द्यायचीही गरज नाही.

अर्ध्या रस्त्यात माल अडवून धरणं

अ‍ॅडव्हान्स कमी दिला, जुनी बाकी देत नाहीत, फोन उचलत नाहीत. राग येणं साहजिक आहे. म्हणून कुणी गाडी घराकडे वळवतो आणि ‘आधी पैसे, मग माल’ म्हणतो. हे अजिबात करू नका. माल ताब्यात घेतल्यावर तुम्ही वाहक झालात. वाहकाने केलेल्या विश्वासघातावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ (३) मध्ये सात वर्षांपर्यंत कैद आहे. पैशाचा वाद दिवाणी असतो. माल दडवल्याच्या तक्रारीने तो एका रात्रीत फौजदारी होतो आणि खरी बाकी बाजूलाच राहते.

खरोखर पुढे जाता येत नसेल, म्हणजे गाडी बिघडली, तब्येत बिघडली किंवा रस्ता बंद झाला, तर लोकेशन आणि फोटो टाकून कळवा आणि माल दुसऱ्या गाडीत हलवायला सहकार्य करा. हलवताना नगांची संख्या आणि सीलची अवस्था लिहून समोरच्या चालकाची सही घ्या.

अंदाजाने नाही म्हणणं, अंदाजानेच हो म्हणणं

‘परवडत नाही’ हे कारण खरं की नुसतं वाटतंय, हे कागदावर मांडल्याशिवाय कळत नाही. समजा भरलेली गाडी लिटरला ४ किलोमीटर देते आणि डिझेल ९० रुपये आहे. ८४० किलोमीटरला २१० लिटर, म्हणजे १८,९०० रुपये. भाडं २८ हजार ऐकलं की चांगलं वाटतं. पण परतीचं भाडं मिळालं नाही, तर रिकामी गाडी ५ चं मायलेज देऊनही आणखी १५,१२० रुपये खाते. एकूण ३४,०२० नुसत्या डिझेलचे. टोल, टायर, हप्ता अजून बाकीच. हेच भाडं परतीचा माल पक्का असेल तर घेण्यासारखं होऊ शकतं. म्हणून दलालाला नुसतं ‘कमी आहे’ न म्हणता ‘परतीचं असेल तर सांगा, नाहीतर एवढ्याच्या खाली नाही’ असा आकडा द्या. आकडा दिला की बोलणी पुढे जातात, आणि तुटली तरी माणूस तुटत नाही.

या हिशेबात हॉल्टिंग (गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे) धरायचं राहतं. किती तासांनंतर सुरू, दिवसाचे किती, सुट्टीचा दिवस मोजणार का, हे भाडं ठरतानाच बोला. गेटवर आत-बाहेरच्या वेळेचा शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर गेट पासचा फोटो काढून लगेच पाठवा. मोबाइलवरची वेळ आपोआप नोंदली जाते.

पैसे अडकल्यावर काय करायचं

पोच पावती हातात ठेवून पुढच्या भाड्याला निघू नका. दोन्ही बाजूंचा फोटो काढा, मूळ कागद कुरियरने पाठवा, त्याची पावती जपा. शॉर्टेज किंवा भिजलेल्या मालाची नोंद पोचेवर केली असेल तर त्याच जागी त्याच वेळी आपलं म्हणणंही लिहा. नंतर लिहिलेल्याला किंमत नसते.

टीडीएस कापला म्हणून भाडं नाकारणारेही आहेत. वर्षभरात कधीही दहापेक्षा जास्त मालवाहू गाड्या नसलेल्या मालकाने पॅनसह लेखी घोषणापत्र दिलं तर भाड्यातून टीडीएस कापायचा नसतो. एका पानाचा कागद आहे, प्रत्येक ट्रान्सपोर्टकडे वर्षाच्या सुरुवातीला देऊन टाका.

आणि उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या; ती फुकट आहे, एजंटाला पैसे द्यायची गरज नाही. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून हे पैसे वेळेत दिले नाहीत तर देणाऱ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी आयकरात दाखवता येत नाही, त्यामुळे तिथला अकाउंटंटही आता या नोंदणीकडे बघतो. बिलावर उद्यम क्रमांक छापा. तक्रार सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करता येते, मात्र नोंदणी ज्या कामाचे पैसे मागताय त्याच्या आधीची असलेली बरी. थकबाकी झाल्यावर धावत जाऊन केलेल्या नोंदणीवर समोरचा वकील पहिला आक्षेप तिथेच घेतो.