व्हॅलोरंटमध्ये कधी घुसायचं आणि कधी थांबायचं

व्हॅलोरंट हा पाच विरुद्ध पाच असा नेमबाजीचा व्हिडिओ गेम. एक बाजू स्पाइक नावाचा बॉम्ब ठरलेल्या जागी, म्हणजे साइटवर, लावायला येते, दुसरी बाजू, म्हणजे डिफेन्स, तिला अडवते. आमच्या परळच्या ग्रुपमध्ये नवीन पोरगा आला की तो दोनांपैकी एका प्रकारचा असतो. एकतर राउंड सुरू झाल्या झाल्या धावत सुटतो, नाहीतर कोपरा धरून शेवटपर्यंत तिथेच बसतो. नेम दोघांचाही बरा असतो, तरी रँक काही वर सरकत नाही. अशांना मी आधी एकच प्रश्न विचारायला शिकवतो: आत्ता मी उडालो, तर मला मारणाऱ्याला लगेच कोण मारणार?

असा लगेच बदला घेण्याला सगळे ट्रेड म्हणतात. उत्तरात कोणाचं तरी नाव असेल तर बिनधास्त जा. पाचास पाच असताना तुमचा एक आणि त्यांचा एक गेला तर तोल बिघडत नाही, उलट साइटवर जागा मिळते. पण मागचा माणूस एक-दोन सेकंदांत तोच कोपरा वळू शकेल इतका जवळ हवा. असेंट या मॅपवर जेट हे पात्र डॅश, म्हणजे झेप, मारून ए साइटमध्ये शिरते आणि बाकीचे चौघे अजून मिडमध्येच, म्हणजे मॅपच्या मधल्या भागातच, असतात, हे मी जवळजवळ रोज बघतो. डॅशच्या आधी मिनीमॅपवर एक नजर टाकली असती तरी ती थांबली असती. घुसायचं म्हणजे पळत गोळ्या झाडायच्या, असंही नाही. पळताना रायफलचा नेम लागत नाही, आणि पावलांचा आवाज समोरच्याला आधीच जातो.

डिफेन्सला पहिला किल मिळाला की लगेच मागे या. हे पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण हात गरम झालेला असतो आणि दुसराही मिळेल असं वाटतं. पण आता तुम्ही पाच, ते चार. आणि राउंडच्या 100 सेकंदांत साइटवर त्यांनाच यायचंय. आपल्याकडे कबड्डी पाहिलेल्या कोणालाही हे सांगावं लागू नये. आघाडीवर असलेला जाणता चढाईपटू समोर तीनच गडी उरले, सुपर टॅकलची संधी आहे, असं दिसलं की निदान रेषा ओलांडून परत येतो. तिथे गडी टिपायला जात नाही.

स्पाइक लावल्यावर तर सगळं गणितच उलटं होतं, आणि नवीन मुलं सर्वांत जास्त राउंड इथेच घालवतात. स्पाइक फुटायला 45 सेकंद लागतात, डिफ्यूज, म्हणजे निकामी, करायला 7. म्हणजे घाई आता त्यांना असते. गेल्या शनिवारी दादरच्या एका गेमिंग कॅफेत आम्ही तिघे उरलो होतो, समोर एकच. शेजारच्या खुर्चीवरचा लालबागचा पोरगा रेना हे पात्र घेऊन खेळत होता.

"दादा, एकच उरलाय, आणतो मारून!"

"जाऊ नकोस. त्यालाच यायचंय. तू बॉक्समागे राहा, मी डावीकडून बघतो."

थोड्या वेळाने डिफ्यूजचा आवाज आला आणि लगेच थांबला. पोरगा उठून बाहेर पडणार, तेवढ्यात मी म्हटलं, "टॅप होता, थांब." टॅप म्हणजे डिफ्यूज सुरू करून मुद्दाम सोडून देणं. पुन्हा आवाज आला, या वेळी चालूच राहिला. मग दोघे दोन बाजूंनी एकदम निघालो. असं एकत्र निघणं, हेच खरं आक्रमक खेळणं. एकेक करून गेलो असतो तर त्या एकट्याला एका वेळी एकच डोकं दिसलं असतं आणि तिघेही त्याने आरामात टिपले असते. फक्त फार ताणू नका. अर्धं डिफ्यूज झालं, म्हणजे 3.5 सेकंद भरले, की तेवढं काम टिकून राहतं. पुढच्या वेळी उरलेलं अर्धंच करावं लागतं.

गेममधल्या पैशांकडेही बघायला शिका. व्हँडल किंवा फँटम रायफल 2900 ला, जड शील्ड 1000 ला, आणि हरल्यावर पहिल्या वेळी हातात पडतात 1900. त्यामुळे डिफेन्सला दोनास चार असाल, स्पाइक लागलेला असेल आणि साइट परत घेण्याची आशा नसेल, तर रायफल वाचवा. समोरच्यांचा इको असेल, म्हणजे पैसे वाचवायला ते स्वस्त बंदुका घेऊन आले असतील, तर तुम्ही लांबूनच खेळा. शेरीफ पिस्तूल घेऊन कोपऱ्यात दबा धरून बसलेल्याच्या अंगावर जाणं म्हणजे त्याला फुकट रायफल देणं. आपला इको असेल तर मात्र पाचही जण एकत्र, जवळच्या अंतरावर, जोरात. आणि बाराव्या राउंडला काहीच राखून ठेवू नका. त्यानंतर बाजू बदलते आणि सगळ्यांचे पैसे पुन्हा 800 वर येतात, वाचवलेली बंदूकही जाते.

एक गोष्ट मुंबईकरांच्या फायद्याची आहे. गेम बनवणाऱ्या रायटचा एक सर्व्हर मुंबईतच आहे, त्यामुळे चांगल्या वायर्ड कनेक्शनवर इथे पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, कमी मिळतो. कोपऱ्यातून बाहेर पडणाऱ्याला उभा असलेला माणूस क्षणभर आधी दिसतो, कारण बाहेर पडणाऱ्याची हालचाल सर्व्हरमार्गे समोरच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. म्हणून एकच कोपरा धरून बसणं वाटतं तेवढं सुरक्षित नसतं. पण मोबाइल हॉटस्पॉटवर पिंग उड्या मारत असेल तर पुढे घुसण्याच्या या फायद्यावर भरवसा ठेवता येत नाही. अशा दिवशी रँक्ड खेळायचंच असेल, तर एंट्री, म्हणजे आधी घुसण्याचं काम, दुसऱ्याला द्या आणि तुम्ही ओमेन हे पात्र घेऊन स्मोक, म्हणजे धुराचे पडदे, टाका.