अवकाशातील वस्तूंचा मागोवा: या संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी अनुभवाचे बोल

पृथ्वीभोवती फिरणारे उपग्रह, रॉकेटचे निकामी टप्पे आणि त्यांचे तुकडे आज कोठे आहेत, उद्या कोठे असतील आणि त्यांपैकी कोण कोणाला धडकण्याचा संभव आहे, हे शोधणाऱ्या विद्याशाखेला या क्षेत्रातील लोक थोडक्यात 'एसएसए' (स्पेस सिच्युएशनल अवेअरनेस) म्हणतात. पुण्यात यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतल्यानंतर मी या क्षेत्रात आलो आणि गेली काही वर्षे निरनिराळ्या दुर्बिणींकडून येणाऱ्या निरीक्षणांवरून कक्षा काढण्याचे काम करीत आहे. नवे विद्यार्थी भेटले की बहुधा कोणती दुर्बीण घ्यावी किंवा कोणत्या संस्थेत अर्ज करावा असेच विचारतात. हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण ते दुसऱ्या टप्प्यावरचे आहेत असे माझे मत आहे. कोणताही संवेदक, म्हणजे दुर्बीण किंवा रडारसारखे मोजमाप करणारे साधन, अर्धवट माहिती देतो. उरलेली माहिती गणिताने भरून काढायची आणि आपल्या उत्तरात चूक किती असू शकते हेही सोबत सांगायचे, हा या कामाचा गाभा आहे, आणि तो पचनी पडला की बाकीच्या गोष्टी फार अवघड राहत नाहीत.

याचे सर्वांत बोलके उदाहरण 10 फेब्रुवारी 2009 चे आहे. त्या दिवशी इरिडियम 33 हा चालू स्थितीतील दळणवळण उपग्रह आणि कॉसमॉस 2251 हा निकामी रशियन उपग्रह सायबेरियाच्या वर सुमारे 790 किलोमीटर उंचीवर एकमेकांवर आदळले आणि हजारो तुकडे कक्षेत विखुरले. सर्वांना उपलब्ध असलेल्या कक्षीय माहितीवरून 'सेलेस्ट्रॅक' या संकेतस्थळाने त्या भेटीचे अंतर आधीच वर्तवले होते आणि ते 584 मीटर होते. त्या दिवशीच्या यादीत याहूनही जवळून जाणाऱ्या जोड्या होत्या, त्यामुळे ही जोडी कोणाच्या डोळ्यांत भरली नाही. ज्या टीएलई नावाच्या दोन ओळींच्या नोंदींवरून हा अंदाज केला जातो, त्यांची अचूकता सुरुवातीलाच साधारण एक किलोमीटरच्या घरातली असते आणि दिवस उलटतात तशी ती आणखी घसरते. शिवाय चूक किती असू शकते हे सांगणारा एकही आकडा त्या नोंदीत नसतो. म्हणजे 584 मीटर या संख्येचा अर्थ 'सुरक्षित' असाही नव्हता आणि 'धोकादायक' असाही नव्हता. म्हणूनच आज टकरीच्या इशाऱ्यासोबत दोन्ही वस्तूंच्या स्थानांतील अनिश्चितता, म्हणजे कोव्हेरियन्स, दिली जाते आणि टकरीची संभाव्यता साधारण दहा हजारांत एक या मर्यादेपलीकडे गेली की उपग्रह हलवण्याचा विचार गांभीर्याने सुरू होतो.

आता संवेदकांकडे वळू. रडार स्वतःच लहरी पाठवते आणि परतलेला प्रतिध्वनी ऐकते, त्यामुळे दिवस, रात्र किंवा ढग यांची अडचण होत नाही आणि अंतर थेट मिळते. मात्र प्रतिध्वनीची शक्ती अंतराच्या चौथ्या घाताने घटते, म्हणजे अंतर दुप्पट झाले की संकेत सोळा पटींनी क्षीण होतो. दुर्बिणीसाठी दिव्याचे काम सूर्य फुकट करतो आणि तेथे घट केवळ वर्गाच्या प्रमाणात होते. परिणामी खालच्या कक्षा रडारच्या आणि भूस्थिर कक्षेचा, म्हणजे जेथील उपग्रह पृथ्वीसोबतच फिरत असल्याने आकाशात स्थिर दिसतो त्या कक्षेचा, 35,786 किलोमीटर उंचीवरचा पट्टा दुर्बिणींच्या वाट्याला आला आहे. दुर्बिणीला मिळतात ते केवळ दोन कोन; अंतर मिळत नाही. खालच्या कक्षेतील उपग्रह दुर्बिणीने पाहायचा तर आपल्याकडे अंधार आणि त्याच्यावर ऊन अशी वेळ गाठावी लागते, आणि ती संध्याकाळनंतरच्या व पहाटेपूर्वीच्या काही तासांतच सापडते.

पुस्तकी वर्णनापेक्षा एक फ्रेम, म्हणजे आकाशाचे एक छायाचित्र, स्वतः घेऊन पाहिली तर बरेच काही लवकर उमगते. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर असले तरी आपण उत्तरेला असल्यामुळे महाराष्ट्रातून त्यांची रांग खगोलीय विषुववृत्ताच्या साधारण तीन अंश दक्षिणेला दिसते, म्हणजे मृग नक्षत्रातील बाणाचे तीन तारे आणि त्यांच्या खालचा तेजोमेघ यांच्या मधून ती जाते. जानेवारी-फेब्रुवारीत रात्री मृग डोक्यावर आला की गावाबाहेरच्या अंधाऱ्या जागी साध्या तिवईवर कॅमेरा लावावा, 85 किंवा 135 मिलिमीटरची लेन्स त्या पट्ट्यावर रोखावी आणि वीस-वीस सेकंदांच्या फ्रेम घ्याव्यात. कॅमेरा स्थिर असल्यामुळे तारे सेकंदाला पंधरा कोनीय सेकंद (एक कोनीय सेकंद म्हणजे अंशाचा 3,600 वा भाग) या वेगाने सरकून रेघा उमटवतात, आणि काही फ्रेम एकत्र केल्या की त्या रेघांच्या गर्दीत न हललेले मंद ठिपके सापडतात. ते उपग्रह असतात. व्यावसायिक जाळ्यांत हेच मोठ्या आरशाने व चांगल्या कॅमेऱ्याने केले जाते; तत्त्व बदलत नाही.

फ्रेम मिळाल्यावर खरे काम सुरू होते. ताऱ्यांच्या रेघांचे मध्य काढायचे, ते गाया कॅटलॉगशी, म्हणजे ताऱ्यांच्या अचूक स्थानांच्या यादीशी, जुळवायचे आणि त्यावरून ठिपक्याचे कोन ठरवायचे, याला प्लेट सॉल्व्हिंग म्हणतात, आणि त्यासाठी तयार मोफत साधने आहेत. पण साधनाने दिलेला आकडा तसाच्या तसा पुढे ढकलला तर कक्षा बिघडते. भूस्थिर उपग्रहापासून प्रकाश यायला सुमारे 0.12 सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात उपग्रह साडेतीनशे मीटरहून अधिक पुढे गेलेला असतो. त्याहून फसवी गोष्ट प्रकाशाच्या अपेरणाची आहे. पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या गतीमुळे सर्व तारे त्यांच्या खऱ्या दिशेपासून वीस कोनीय सेकंदांपर्यंत ढळलेले दिसतात, तर उपग्रह पृथ्वीसोबतच प्रवास करीत असल्याने त्याला हा ढळ लागू होत नाही. ताऱ्यांच्या कॅटलॉगशी जुळवलेल्या फ्रेममध्ये ही दुरुस्ती राहून गेली तर भूस्थिर कक्षेच्या अंतरावर साडेतीन किलोमीटरपर्यंत चूक होते, आणि फ्रेमकडे नुसते पाहून ती कोणालाही ओळखता येत नाही.

याच्या जोडीला घड्याळ. खालच्या कक्षेतील वस्तू सेकंदाला साडेसात किलोमीटर धावते, म्हणून एक मिलिसेकंदाची चूक म्हणजे साडेसात मीटर. संगणकाने फाइलवर टाकलेली वेळ ही शटर उघडल्याची वेळ नसते. त्यात कॅमेऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक्सचा आणि सॉफ्टवेअरचा विलंब मिसळलेला असतो. रोलिंग शटरच्या, म्हणजे चित्र ओळीमागून ओळ टिपणाऱ्या, कॅमेऱ्यात तर फ्रेमच्या वरच्या आणि खालच्या ओळींची वेळही वेगळी असते. म्हणून जीपीएसकडून मिळणारा दर सेकंदाचा स्पंद थेट कॅमेऱ्याच्या ट्रिगरशी जोडलेला असावा, हा आग्रह धरावा. एका केंद्राकडून आम्हाला उत्तम दर्जाच्या फ्रेम येत असत, परंतु वेळ मात्र इंटरनेटवरून जुळवलेल्या संगणकाची असे, आणि त्या सुंदर फ्रेम आम्हाला कित्येक महिने कक्षागणनेत घेता आल्या नाहीत.

अशी चूक पकडण्याची एक खात्रीची पद्धत आहे आणि नवख्याने दुसरे काही केले नाही तरी ही एकदा करून पाहावी. जीपीएस किंवा युरोपच्या गॅलिलिओ या दिशादर्शन उपग्रहांच्या कक्षा काही सेंटिमीटरपर्यंत अचूक माहीत असतात आणि त्या मोफत प्रसिद्ध होतात. आपल्या दुर्बिणीने त्यांचे निरीक्षण करावे, मोजलेले कोन आणि अपेक्षित कोन यांतील फरक काढावा आणि तो गतीच्या दिशेने व तिच्या आडव्या दिशेने असा वेगळा मांडावा. फरक केवळ गतीच्या दिशेने आणि सातत्याने एकाच बाजूला येत असेल तर दोष घड्याळाचा. हे उपग्रह आकाशात सेकंदाला साधारण 30 ते 40 कोनीय सेकंद सरकतात, म्हणून एक दशांश सेकंदाचा विलंब तीन-चार कोनीय सेकंदांच्या फरकाने उघडा पडतो. दोन्ही दिशांना सारखाच विखुरलेला फरक असेल तर दोष ठिपक्याचा मध्य काढण्याच्या पद्धतीत किंवा वातावरणाच्या थरथरीत शोधावा.

कक्षेतूनच कक्षेकडे पाहणाऱ्या संवेदकांविषयी येथे लिहायलाच हवे, कारण त्यात आपलाही वाटा आहे. 25 फेब्रुवारी 2013 रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या पीएसएलव्ही-सी20 ने 'सरल' उपग्रहासोबत कॅनडाचे सफायर आणि निओसॅट हे दोन उपग्रहही वर नेले. दोघांच्याही दुर्बिणी अवघ्या 15 सेंटिमीटर व्यासाच्या आहेत. तिकडे ढग नाहीत, पावसाळा नाही आणि वातावरणाची थरथरही नाही, त्यामुळे एवढी लहान दुर्बीणही भूस्थिर पट्ट्यापर्यंत उपयोगी पडते. मात्र अवकाशातून आलेल्या फ्रेमवर प्रारणाचे कण आदळून ठिपके आणि रेघा उमटतात, आणि त्या थेट उपग्रहाच्या रेघांसारख्या दिसतात. शिवाय निरीक्षक स्वतःच धावत असल्यामुळे त्याचे स्थान चुकले की मोजमापही चुकले. निओसॅटच्या फ्रेम खुल्या संग्रहात उपलब्ध आहेत; सरावासाठी त्यांच्याइतकी खडतर आणि प्रामाणिक सामग्री क्वचित मिळते.

एकच दुर्बीण पुरत नाही याचे कारण साधे आहे. भूस्थिर उपग्रह आपल्या डोक्यावरून हलत नाही, त्यामुळे पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूचे उपग्रह पुण्याहून कधीच दिसणार नाहीत, आणि जे दिसतात तेही जूनपासून चार महिने ढगांआड जातात. लडाखमधील हानले येथे, सुमारे 4,500 मीटर उंचीवर, मोसमी पाऊस फारसा पोहोचत नाही, म्हणूनच अवकाशातील वस्तूंचा मागोवा घेणाऱ्या इस्रोच्या 'नेत्र' प्रकल्पातील दुर्बिणीसाठी त्या परिसराची निवड झाली. तेथेच भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि आयआयटी मुंबई यांची 0.7 मीटरची ग्रोथ-इंडिया ही रोबोटिक दुर्बीण आहे. तिचे मुख्य काम अल्पकाळ चमकणाऱ्या खगोलीय घटनांचे असले तरी माणसाविना रात्रभर चालणारी दुर्बीण सांभाळण्याचा अनुभव या क्षेत्रात जसाच्या तसा कामी येतो.

अभ्यासक्रमाविषयी थोडक्यात सांगतो. भौतिकशास्त्र, यंत्र, इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणक यांपैकी कोठूनही येता येते. रेषीय बीजगणित, संभाव्यता, लघुतम वर्ग पद्धत आणि कालमन फिल्टर (प्रत्येक नव्या मोजमापानुसार अंदाज सुधारत नेण्याची पद्धत) यांत हात बसलेला असावा आणि पायथन सहज लिहिता यावे. युरोपीय अवकाश संस्थेच्या स्पर्धांमधून खुले झालेले दोन संग्रह, टकरीच्या इशाऱ्यांचा 2019 चा आणि भूस्थिर वस्तूंच्या फ्रेमचा 2020 चा, घरबसल्या प्रकल्प करण्यास पुरेसे आहेत. इस्रो दरवर्षी अवकाश परिस्थितीचा आढावा प्रसिद्ध करते, तोही वाचावा; 14 जुलै 2023 चे चंद्रयान-3 चे उड्डाण टक्कर टाळण्यासाठी चार सेकंद उशिरा का केले गेले यासारख्या गोष्टी त्यात सापडतात.

नोकरीच्या दृष्टीने भारतात मुख्य ठिकाण बंगळुरू आहे. तेथे अवकाशातील वस्तूंवर लक्ष ठेवणारे इस्रोचे आयएस4ओएम हे केंद्र 2022 पासून कार्यरत आहे आणि याच विषयावरील खासगी उद्योगही प्रामुख्याने तेथेच आहेत. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट प्रवेश घेण्यापूर्वीच तपासावी. अमेरिकेत या क्षेत्रातील बराच निधी संरक्षण खात्याकडून येतो आणि निर्यात नियंत्रणाच्या नियमांमुळे संवेदकांशी संबंधित अनेक प्रकल्प तेथील नागरिक किंवा कायम रहिवासी नसलेल्यांना बंद असतात. प्राध्यापकांना पहिल्याच पत्रात विचारावे की आपल्याला कोणत्या विदेवर काम करता येईल आणि प्रबंध खुलेपणाने प्रसिद्ध करता येईल का. उत्तर संदिग्ध आले तर खुल्या निरीक्षणांवर काम करणारा दुसरा गट शोधणे श्रेयस्कर ठरते.