कंपनीवर आरपी आला? अडकलेल्या पुरवठादारांनो, या चुका टाळा

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतली एखादी फाउंड्री दिवाळखोरीत निघाली, की पॅटर्नवाल्यापासून जॉबवर्कवाल्यापर्यंत सगळ्यांची बिलं अडकतात. मग एनसीएलटीने (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने) कंपनीचा कारभार बघायला नेमलेला रिझोल्यूशन प्रोफेशनल, म्हणजे आरपी, बँकेचा माणूस की मालकाचा, यावर खल सुरू होतो आणि तेवढ्यात क्लेमची, म्हणजे थकलेल्या पैशांच्या दाव्याची, मुदत टळते. सगळ्यांत महागात पडते ती हीच चूक. हंगामी (सुरुवातीला नेमलेल्या) आरपीची नेमणूक झाल्यापासून 14 दिवसांत पुरवठादाराने फॉर्म बी आणि कामगाराने फॉर्म डी द्यायचा असतो. आरपीवर आक्षेप असला तरी क्लेम त्याच्याकडेच भरा. त्याने आक्षेपाचा हक्क जात नाही.

दुसरा घोळ 'प्रशासक' या शब्दाचा, कारण लोक आरपीलाही तेच म्हणतात. सहकारी साखर कारखाना किंवा पतसंस्था 1960 च्या सहकार कायद्याखाली येते आणि तिथला अवसायक, म्हणजे संस्था गुंडाळणारा अधिकारी, निबंधक नेमतो. कंपनीला 2016 ची दिवाळखोरी संहिता लागते, त्यामुळे आरपीची तक्रार घेऊन उपनिबंधकाकडे गेलात तर हेलपाटाच. ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलं आहे, पण आपल्या भागातल्या कंपन्यांचं एनसीएलटी अजून मुंबईतच आहे.

बँकेने नाव सुचवलं म्हणजे माणूस पक्षपाती, हेही गृहीत धरू नका. अर्जदार बँकेने नाव सुचवण्याची सोय कायद्यातच आहे. तपासायचं ते वेगळंच: गेल्या तीन आर्थिक वर्षांत तो या कंपनीच्या ऑडिटर फर्ममध्ये भागीदार किंवा नोकरीत होता का? त्याच्या सल्लागार फर्मच्या एकूण उलाढालीपैकी 5 टक्के किंवा जास्त या कंपनीकडून येत होती का? तो कंपनीचा संबंधित पक्ष, म्हणजे मालक-संचालकांच्या नात्यातला किंवा हितसंबंधातला, आहे का? बँकेशी जुनं नातंही आड येऊ शकतं. 2020 मध्ये स्टेट बँक विरुद्ध मेटेनेर या प्रकरणात बँकेत 39 वर्षं नोकरी करून पेन्शन घेणाऱ्या व्यक्तीला हंगामी आरपी नेमण्यास अपील न्यायाधिकरणाने नकार दिला. पक्षपाताची रास्त भीती तेवढ्याला पुरली.

फक्त आरपीकडे बघून थांबू नका. मालमत्तेचा भाव ठरवणारे दोन नोंदणीकृत मूल्यांककही तपासा. आरपीचा नातेवाईक किंवा गेल्या पाच वर्षांत कंपनीचा ऑडिटर राहिलेला माणूस तिथे चालत नाही. भाव कमी लागला, तर आपल्या वाट्याला काय उरणार?

"त्याचं मालकाशी साटंलोटं आहे" एवढ्यावर कोणी हलत नाही. एमसीएच्या (कंपनी कामकाज मंत्रालयाच्या) साइटवर 100 रुपये भरून कंपनीची कागदपत्रं उघडा. मागच्या तीन वर्षांच्या ताळेबंदाखाली कोणत्या फर्मची सही आहे ते बघा आणि आरपीच्या फर्मशी ताडून पाहा. आयबीबीआयच्या (आरपींवर देखरेख ठेवणाऱ्या दिवाळखोरी मंडळाच्या) साइटवर त्याचा नोंदणी क्रमांक आणि काम घेण्याची परवानगी चालू आहे का, तेही दिसतं.

आरपी बदलायला कर्जदात्यांच्या समितीत 66 टक्के मतं लागतात आणि पुरवठादाराला तिथे सहसा मत नसतं. त्यामुळे बँकेच्या शाखेत जाऊन भांडण्यात अर्थ नाही. त्याच्या वागण्याबद्दलची तक्रार आयबीबीआयकडे 2,500 रुपये भरून करा. तक्रार फालतू ठरली नाही तर पैसे परत मिळतात. नेमणुकीलाच हरकत असेल तर वकिलामार्फत मुंबईच्या एनसीएलटीत संहितेच्या कलम 60(5) खाली अर्ज करा आणि ताळेबंदाची ती पानं त्याला जोडा.