एक डोळा झाका, एक कान झाका: मेंदूचे काम घरच्या घरी कसे तपासावे

रंग, गती आणि ध्वनी यांचे मेंदू नेमके काय करतो, हे पाहण्यासाठी प्रयोगशाळाच लागते असे नाही. एक डोळा किंवा एक कान काही क्षण बाजूला ठेवून काय बदलते ते नोंदवले, तर एखादी प्रक्रिया डोळ्यातच उरकते की पुढे मेंदूत घडते, याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. दोन्ही डोळ्यांचे संदेश थॅलॅमसपर्यंत, म्हणजे मेंदूच्या खोलवरच्या थांब्यापर्यंत, वेगवेगळ्या थरांतून जातात आणि डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या दृष्टिबाह्यकात (मेंदूच्या बाहेरच्या थरातील, म्हणजे बाह्यकातील, पाहण्याच्या भागात) पोहोचल्यावरच खऱ्या अर्थाने एकत्र येतात. त्यामुळे जो परिणाम एकाच डोळ्यापुरता राहतो तो बहुधा या संगमाच्या अलीकडचा असतो, आणि जो न वापरलेल्या डोळ्यालाही जाणवतो तो पलीकडचा.

साहित्य साधे आहे: गडद लाल कागदाचा तळहाताएवढा चौकोन, पांढरा कागद, गॉगल, दोरा आणि त्याला बांधायला एखादी जड वस्तू, सुमारे एक मीटर लांबीची मऊ रबरी नळी, दोन मोबाइल फोन आणि मदतीला एक व्यक्ती. सूर्याकडे किंवा प्रखर दिव्याकडे टक लावून पाहू नये. लुकलुकणाऱ्या किंवा हलत्या चित्रांनी ज्यांना फेफरे येते त्यांनी गतीचा पहिला प्रयोग करू नये.

सुरुवात रंगापासून करावी. लाल चौकोनाच्या मध्यभागी पेनाने ठिपका काढावा, डावा डोळा न दाबता हाताने झाकावा आणि उजव्या डोळ्याने त्या ठिपक्याकडे सुमारे 30 सेकंद नजर न हलवता पाहावे. लगेच पांढऱ्या कागदाकडे पाहिले की तिथे निळसर हिरवा चौकोन उमटतो. दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्यावर, रंग टिपणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. त्यांपैकी लांब तरंगलांबीच्या प्रकाशाला अधिक प्रतिसाद देणाऱ्या पेशी लाल रंग सतत पाहून मंदावतात. पांढऱ्या कागदावरून सर्व तरंगलांबीचा प्रकाश आला, तरी या पेशींचा वाटा तेवढ्यापुरता कमी पडतो. पुढच्या चेतापेशी या तीन प्रकारांच्या संदेशांची आपापसांत तुलना करत असल्यामुळे निकाल विरुद्ध रंगाकडे झुकतो. लाल-हिरवा आणि निळा-पिवळा अशा विरोधी जोड्यांची कल्पना एवाल्ड हेरिंग यांनी एकोणिसाव्या शतकातच मांडली होती.

आता हाच प्रयोग पुन्हा करून शेवटी डोळे बदलावेत, म्हणजे उजवा झाकून डाव्याने पांढरा कागद पाहावा. चौकोन दिसत नाही, किंवा अगदीच पुसट दिसतो, आणि ती पुसट छटाही झाकलेल्या डोळ्याकडूनच येत असते. याचा अर्थ रंगाचा हा परिणाम मुख्यतः संगमाच्या अलीकडे घडतो. मात्र मेंदू इथे अगदीच निष्क्रिय असतो असे नाही. उजव्या डोळ्यातली प्रतिमा ताजी असतानाच कागदावरून दूरच्या भिंतीकडे पाहिले, तर चौकोन मोठा झालेला दिसतो. दृष्टिपटलावरचा ठसा तसूभरही बदललेला नसतो. मेंदू अंतर लक्षात घेऊन आकार ठरवतो. एमिल एमर्ट यांनी 1881 मध्ये हा नियम सांगितला.

गतीसाठी पडद्यावर एकाच दिशेने संथपणे सरकत राहणारा मजकूर किंवा धबधब्याचे चित्रीकरण घ्यावे. मध्यावरच्या स्थिर बिंदूवर नजर ठेवून एका डोळ्याने मिनिटभर पाहावे आणि मग खडबडीत भिंतीकडे वळावे. भिंत उलट दिशेने सरकू लागते, पण गंमत अशी की ती जागची हलत मात्र नाही. रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी 1834 मध्ये स्कॉटलंडमधील फॉयर्सच्या धबधब्यापाशी हेच अनुभवले होते. पुन्हा मिनिटभर पाहून या वेळी न वापरलेल्या डोळ्याने भिंत पाहावी: सरकणे क्षीण होते, पण नाहीसे होत नाही. रंगाच्या प्रयोगापेक्षा निकाल वेगळा आला, कारण विशिष्ट दिशेच्या गतीला प्रतिसाद देणाऱ्या आणि दोन्ही डोळ्यांकडून संदेश घेणाऱ्या पेशी मेंदूच्या बाह्यकात आहेत. गतीसाठी खास असलेला भाग निकामी झाला तर काय होते, ते 1983 मध्ये योसेफ त्सील आणि सहकाऱ्यांनी वर्णन केलेल्या एका महिलेच्या उदाहरणातून दिसते. तिला रंग आणि वस्तू ओळखता येत असत, परंतु कपात ओतला जाणारा चहा तिला गोठल्यासारखा स्थिर दिसे आणि कप केव्हा भरेल ते कळत नसे.

माझ्या मते या सगळ्यांत सर्वांत देखणा प्रयोग लंबकाचा आहे. मीटरभर दोऱ्याला वजन बांधून मदतनीसाने ते डावी-उजवीकडे एका सरळ रेषेत झुलवावे. आपण दोनेक मीटर अंतरावर बसून दोन्ही डोळे उघडे ठेवावेत आणि गॉगलची एक काच फक्त उजव्या डोळ्यासमोर धरावी. लंबक सरळ न झुलता लंबगोलात फिरू लागतो: उजवीकडे जाताना तो जवळ आल्यासारखा वाटतो, डावीकडे जाताना दूर. काच डाव्या डोळ्यासमोर नेली की फिरण्याची दिशा उलटते. कमी प्रकाशात दृष्टिपटलाचे काम काही मिलिसेकंदांनी मंदावते, त्यामुळे झाकलेला डोळा लंबकाची किंचित जुनी जागा कळवतो, आणि दोन डोळ्यांमधल्या या फरकाला मेंदू खोली समजतो. कार्ल पुलफ्रिश यांनी 1922 मध्ये याचे विवेचन केले. त्यांची स्वतःची एका डोळ्याची दृष्टी गेलेली असल्यामुळे त्यांना तो परिणाम पाहता येत नव्हता. दोन्ही डोळ्यांनी मिळून खोली जाणण्याची क्षमता ज्यांच्यात कमी आहे त्यांनाही तो दिसत नाही.

कान वेळेच्या बाबतीत याहून कितीतरी काटेकोर असतात. रबरी नळीची दोन टोके दोन्ही कानांच्या तोंडाशी अलगद टेकवावीत, आत खुपसू नयेत, आणि नळीचा मधला भाग पाठीमागे टेबलावर ठेवावा. मदतनीसाने बरोबर मध्यावर पेन्सिलीने हलके टकटक केले, तर आवाज डोक्याच्या मधोमध वाटतो. तो मध्यापासून फक्त 1 सेंटिमीटर डावीकडे सरकला की दोन्ही मार्गांत 2 सेंटिमीटरचा फरक पडतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर धरला, तर हा फरक सेकंदाच्या साधारण सतरा हजाराव्या भागाएवढा होतो, तरीही बहुतेकांना आवाज डावीकडून आल्याचे कळते. एरवी एका बाजूचा आवाज दोन कानांवर पोहोचण्यात जास्तीत जास्त 0.6 ते 0.7 मिलिसेकंदांचे अंतर पडते. मेंदूच्या बुंध्यातील पेशी त्याचीच तुलना करत असतात.

याच क्षमतेवर लक्ष देण्याचे बरेच काम चालते. दोन फोनवर साधारण सारख्याच आवाजातील दोन भाषणे लावावीत, एक फोन डावीकडे तर दुसरा उजवीकडे ठेवावा, आणि डावीकडचे भाषण ऐकता ऐकता मोठ्याने म्हणत राहावे. थोड्या सरावाने ते जमते. मग दोन्ही फोन समोर एकत्र ठेवावेत, किंवा फोन आहेत तिथेच ठेवून एक कान झाकावा. काम लगेच अवघड होते. कॉलिन चेरी यांनी 1953 मध्ये प्रत्येक कानात वेगळे भाषण ऐकवून हेच अभ्यासले. दुर्लक्षित कानातला आवाज पुरुषाऐवजी स्त्रीचा झाला तर ऐकणाऱ्यांना समजत असे, पण तिथली भाषा कोणती होती हे अनेकांना सांगता येत नसे.

पुढची पायरी अर्थातच स्वतःचे नाव. नेव्हिल मोरे यांनी 1959 मध्ये दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचे नाव घातले, तेव्हा सुमारे एक तृतीयांश लोकांच्या ते ध्यानात आले. हा प्रयोग आपल्यावर करून घ्यायचा असेल, तर उजवीकडचे ध्वनिमुद्रण मदतनीसाला आपल्या नकळत करू द्यावे आणि नाव कधी येईल ते विचारू नये. पण नाव येणार हे आपल्याला ठाऊक असल्यामुळे कान त्याची वाट पाहत राहतील. म्हणून हा लेख न वाचलेल्या व्यक्तीला ऐकायला बसवून, मुद्रण आपण केले, तर मिळणारे उत्तर अधिक विश्वासार्ह ठरेल.