गाडी चार्ज घेत नाही? आधी अर्थिंग बघा

सोलापूरच्या उन्हात पारा 42-43 वर गेला की जमीन ठणठणीत कोरडी पडते, अर्थिंग कमजोर होतं आणि इलेक्ट्रिक गाडीचा घरचा चार्जर सुरूच होत नाही. बॅटरी गेली म्हणून घाबरू नका.

1. गाडी दुसऱ्या एसी चार्जरवर (घरच्यासारख्याच साध्या चार्जरवर) लावा. डीसी फास्ट चार्जर नको, तो गाडीतला चार्जर वगळून थेट बॅटरीला वीज देतो, दोष कळत नाही. दुसऱ्या एसी चार्जरवर चार्ज झाली तर गडबड घरच्या लाईनीत किंवा तुमच्या चार्जरमध्ये.

2. मेन स्विच बंद करून अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता. तासाभराने पुन्हा लावा.

तरीही नाही, तर वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. न्यूट्रलची वायर अर्थला जोडायचा जुगाड मात्र कधीच करू नका. गाडीच्या पत्र्यात करंट उतरू शकतो.