संकटात देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं करायचं काय?

आजारपण आलं, नोकरी गेली, जवळचं माणूस गेलं की चर्चच्या मंडळीतले सगळे एकच सांगतात, देवावर भरवसा ठेव. बरोबरच आहे, पण कसा ते कोणी सांगत नाही, मग आपण चेहरा हसरा ठेवून "प्रभूची स्तुती असो" म्हणत फिरतो आणि आतून पार खचलेलो असतो. माझ्या मते सुरुवात तक्रारीपासून करावी. हो, देवाकडेच तक्रार.

बायबलमधलं स्तोत्र 13 उघडा, फक्त 6 वचनं (ओव्या) आहेत. पहिल्या दोनच वचनांत दावीद राजा देवाला चार वेळा विचारतो, कुठवर? मला विसरणार का, तोंड किती दिवस लपवणार, असं सरळ सरळ. मग 3 आणि 4 मध्ये मागणं, आणि 5 व्या वचनात कुठे भरवशाची गोष्ट येते. तुम्ही पण याच क्रमाने प्रार्थना करून बघा. आधी हाक मारा, मग जे झालंय ते नाव घेऊन सांगा, "सगळ्या अडचणी दूर कर" असं मोघम नको, हप्ता थकलाय, उद्याच्या रिपोर्टची भीती वाटतेय, भावाने बोलणं टाकलंय, असं. मग काय हवंय ते मागा. शेवटचा भरवशाचा भाग त्या दिवशी तोंडातून निघालाच नाही तर ओढूनताणून आणू नका. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, शेवटी आनंदाचं एक वाक्य नाही, तरी ते बायबलमध्ये आहेच ना, आणि एवढं सगळं रडगाणं ते स्तोत्र लिहिणारा देवालाच ऐकवतोय, तोंड फिरवून निघून गेला नाही, भरवसा तिथेच दिसतो. शब्दच सुचत नसतील तर स्तोत्र मोठ्याने वाचा, उसने शब्द चालतात, प्रभू येशूने वधस्तंभावर स्तोत्र 22 चेच शब्द उच्चारले होते.

दुसरं, शरीराकडे बघा. एलीया संदेष्टा मरण मागून झुडपाखाली आडवा झाला (बायबलमधलं 1 राजे, अध्याय 19) तेव्हा देवाने त्याला उपदेश नाही केला. झोपू दिलं, देवदूताने उठवून भाकर आणि पाणी दिलं, तो परत झोपला, परत खायला दिलं. बोलणं नंतर, होरेब डोंगरावर. त्यामुळे रात्रभर जागून उपाशीपोटी स्वतःचा विश्वास तपासत बसू नका, जेवा आणि झोपा, सकाळी बघू.

वचनं धरताना मात्र आजूबाजूचं पण वाचा. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 29:11 सगळ्यांना पाठ असतं, हिताच्या योजना वगैरे, पण ते बाबेलात धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे आणि त्याच्या अगदी आधीच्या वचनात 70 वर्षं सांगितलीत. तोवर घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा असं त्याच पत्रात आहे. म्हणजे वाट बघायची ती रोजची कामं करत करत.

आणि उत्तर "नाही" आलं तर? प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे सतत छळणारा त्रास, काढ म्हणून देवाला तीनदा विनंती केली, काटा काही निघाला नाही, "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढं मिळालं. त्याचा विश्वास कमी पडला असं कोणी म्हणेल का? मग आजारी माणसाला "तुझा विश्वास कमी पडतोय" म्हणणाऱ्यांचं अजिबात मनावर घेऊ नका (मला तर असल्या बोलण्याचा रागच येतो). विश्वास थोडाच उरलाय असं वाटत असेल तर मार्कच्या शुभवर्तमानात (अध्याय 9) आजारी मुलाला येशूकडे घेऊन आलेल्या बापासारखं म्हणा, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. त्याचा मुलगा बरा झाला.

डॉक्टरकडे जाणं, औषध घेणं, मन फारच बुडत असेल तर समुपदेशकाशी बोलणं यात अविश्वास काही नाही. पौलाचा सोबती लूक वैद्यच होता. जीव नकोसा वाटत असेल तर एकटं राहू नका, लगेच कोणाला तरी जवळ बोलवा.

कोणाला बोलवायचं हे पण बघून. बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र 7 दिवस 7 रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून होते, तोवर चांगलं चाललं होतं, बिघडलं ते त्यांनी तोंड उघडल्यावर. कारणं शोधत बसणारा कोणी भेटायला आला तर सरळ सांगा, बाबा काही बोलू नकोस, नुसता बस, आणि जाताना एक प्रार्थना कर, छोटी.